घासाआधीची पुटपुट

राजा भुकेला होता.

मर्वच्या वेशीबाहेर एका पाणचक्कीत, पिठाच्या धुळीने पांढुरक्या झालेल्या अंधारात, तो गवतावर टेकला होता. अंगावर जरीचा झगा, पायांत सोनेरी जोडे आणि पोटात आग. चक्कीवाल्याने असला पाहुणा जन्मात पाहिला नव्हता. घरात होतं ते त्याने पुढ्यात मांडलं: जवाची भाकरी आणि पाण्याकाठी उगवलेला थोडा हिरवा पाला. राजाने भाकरीकडे पाहिलं आणि हात आवरला. त्याला आधी बरसम हवा होता. बरसम म्हणजे काटक्यांची एक जुडी; ती हातात धरून तेव्हाचा जरथुस्त्री माणूस जेवणाआधी मंत्र पुटपुटायचा आणि मगच घास उचलायचा. बिचारा चक्कीवाला काटक्या मागायला बाहेर पडला. चक्कीत बसून काटक्या कोण मागतंय, असा प्रश्न कुणाला तरी पडला, तो प्रश्न सुभेदाराच्या कानी गेला आणि त्याच चक्कीवाल्याच्या हाती सुरी देण्यात आली.

इसवी सन ६५१. तिसरा यज्दगर्द, सासानी वंशाचा शेवटचा राजा, असा गेला. चारशे वर्षांहून जुनं राज्य त्याच्याबरोबर गेलं. कादिसियाचं रण, तेसिफोनची राजधानी, ६४२ सालचं नहावंद, एकेक करत सगळं आधीच अरबांच्या हाती गेलेलं. राजा पूर्वेकडे पळत पळत मर्वला पोचला होता तेव्हा त्याच्यापाशी सोडण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, फक्त ओठांवरचे चार शब्द होते. आणि तेच त्याला सोडता आले नाहीत.

फिरदौसीने शाहनाम्याच्या अखेरीस ही कथा सांगितली आहे. इतिहासकार तिला चाळणी लावतील, त्यांनी लावावी. मला त्या कथेतली भाकरी खरी वाटते. आमच्या पिढीने ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणारे म्हातारे पाहिले आहेत. त्यांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही, आणि त्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत भुकेली नातवंडं निमूट बसून राहायची. त्या ओठांवर काय आहे हे कुणी विचारत नसे. विचारण्याची ती गोष्टच नव्हती. श्वास का घेता, असं कुणी विचारतं का?

शंभर वर्षं उलटली. बसरा शहरात खलिफाच्या काकाच्या घरी आणखी एक जेवण मांडलं गेलं. पाहुणा फार्स प्रांतातला, मूळ नाव रोझबेह. कचेरीत लेखणी चालवणारा, आणि अरबी अशी लिहिणारा की खुद्द अरबांनी मान डोलवावी. मला इस्लाम स्वीकारायचाय, असं त्याने यजमानाला सांगितलं होतं. यजमान म्हणाला, उद्या सकाळी होऊ दे, चार मोठ्या माणसांसमोर. मधे उरली एक रात्र. ताट आलं, आणि रोझबेह नेहमीसारखा पुटपुटू लागला. यजमान चकित झाला. उद्या धर्म बदलायचा आणि आज हे? त्यावर तो म्हणाल्याचं सांगतात, की एक रात्रसुद्धा धर्मावाचून काढायला माझं मन घेत नाही.

सकाळी तो मुसलमान झाला. अरबी साहित्य त्याला इब्न अल-मुकफ्फा म्हणून ओळखतं, अरबी गद्याच्या आरंभीच्या शिल्पकारांत त्याचं नाव घेतं. आपल्याकडून खुस्रो अनुशिरवानच्या काळात पह्लवी भाषेत गेलेलं पंचतंत्र त्याने अरबीत नेलं. आपले करटक आणि दमनक हे दोन लबाड कोल्हे तिथे कलीला आणि दिमना झाले आणि पुढे जगभर हिंडले. इराणच्या राजांची जुनी बखरही त्यानेच अरबीत उतरवली. नव्या धर्मात गेलेल्या त्या माणसाने जुन्या घरातलं सामान असं एकेक करून नव्या घरात आणून लावलं. पुढे त्याला हाल करून मारलं, ऐन उमेदीत. पण सामान येऊन पडलं होतं.

मला त्या एका रात्रीत अख्खा इराण दिसतो. देश काही एका सकाळी उठून मुसलमान झाला नाही. दोन-तीन शतकं लागली; गाव गाव, घर घर, कुणी कराच्या ओझ्याने, कुणी मनापासून, कुणी लेकीच्या लग्नासाठी, कुणी शेजाऱ्याचं पाहून. त्या लांबलचक रात्रीत किती ताटांवर, किती ओठांवर ती पुटपुट रेंगाळली असेल, हळूहळू शब्द विसरत गेली असेल, अर्थ विसरत गेली असेल, आणि शेवटी नुसतं ओठ हलवणं उरलं असेल.

विसरणं हाही टिकण्याचा एक मार्ग असतो.

पासारगादच्या माळावर सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर एक दगडी घर उभं आहे. साधं, उतरत्या छपराचं, खिडकी नसलेलं. भोवती वारा आणि पिवळं गवत. हे कुरूशचं, म्हणजे सायरसचं थडगं, ज्याचं राज्य एजियन समुद्रापासून पार मध्य आशियापर्यंत पसरलं होतं. पण कित्येक शतकं त्या भागातली माणसं त्याला सुलेमानच्या आईची कबर म्हणत. आत भिंतीवर मक्केची दिशा दाखवणारा मेहराब कोरला गेला. तेराव्या शतकात आजूबाजूच्या राजवाड्यांचे खांब आणून थडग्याभोवती मशीद बांधली गेली. सांगतात, की अरबांची फौज आली तेव्हा राखणदारांनीच ही थाप मारली: अहो, ही तर तुमच्या पैगंबराची आई! खरंखोटं तो माळ जाणे. पण तिकडे अझरबैजानातल्या प्राचीन अग्निमंदिराचे अवशेषही ‘सुलेमानचं तख्त’ म्हणूनच ओळखले जातात. दर्युशने उभारलेल्या महालांना लोक ‘जमशेदचं तख्त’ म्हणतात, आणि त्याच्या कबरीच्या कड्याला ‘रुस्तुमचं चित्र’. हे महाल उभारणारा दर्युश जनतेच्या ओठांवरून पुसला गेला होता. फिरदौसीच्या महाकाव्यातही कुरूश नाही म्हटलं तरी चालेल. बिसुतूनच्या कड्यावर दर्युशने आपली कीर्ती कोरून ठेवली होती; खालून काफिले जात राहिले, दगड मूक राहिला, आणि एकोणिसाव्या शतकात रॉलिन्सन नावाचा इंग्रज अधिकारी दोर-शिड्या लावून वर चढला तेव्हा कुठे तो बोलता झाला.

म्हणजे बघा, कड्यावर कोरलेलं नाव मुकं झालं. आणि ओठांवरचं, हवेत विरणारं, ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या सरकत राहिलं.

यज्दगर्दला मुली होत्या, असं लोककथा सांगतात. एकीचं नाव निकबानू. शत्रू पाठीवर, पुढे यज्दचं वाळवंट, पायांत गोळे आलेले. तिने डोंगराला विनवलं, डोंगर दुभंगला आणि तिला पोटात घेतलं. तिथे आजही कातळातून थेंब थेंब पाणी गळतं, चक, चक. जागेचं नावच चक चक. दर जूनमध्ये जरथुस्त्री यात्रेकरू तिथे उन्हातून पायऱ्या चढून येतात आणि म्हणतात, डोंगर तिच्यासाठी रडतोय. दुसरी शहरबानू. तिची कथा वेगळ्या वाटेने जाते. ती कैद होऊन मदिनेला गेली आणि हुसेनची पत्नी झाली, चौथ्या इमामाची आई झाली. करबलानंतर तीही पळाली, तेहरानजवळ रेच्या डोंगरापाशी पोचली. तिला देवाला हाक मारायची होती, पण थकव्याने जीभ वळली आणि हाक डोंगराला गेली. डोंगर उघडला. ओढणीचा काठ तेवढा बाहेर राहिला.

विद्वान या लग्नावर विश्वास ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही. पण ही कथा ज्यांनी रचली त्यांच्या मनातली ओढ मला कळते. पराभूत घराण्याची लेक जेत्यांच्या घरात सून म्हणून द्यायची, म्हणजे तिच्या लेकरांच्या अंगात आपलंही रक्त राहील; मग ज्या इमामांसाठी छाती पिटायची ते आपल्या लेकीचे वंशज ठरतील, आणि परका धर्म एकदम परका राहणार नाही. तो लेकीचं सासर होईल. एका डोंगरात जुन्या धर्माची लेक, दुसऱ्या डोंगरात नव्या धर्माची माता. आणि दोघी सख्ख्या बहिणी! इराणने आपल्या इतिहासाची जखम अशी नात्यागोत्यात गुंडाळून ठेवली.

तूस गावच्या फिरदौसीनेही हेच केलं, वेगळ्या रीतीने. तो मुसलमान होता, श्रद्धाळू होता, आणि तीस-एक वर्षं तो जुन्या अग्निपूजक राजांच्या कथा लिहीत बसला. १०१० साली ग्रंथ पुरा झाला तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास बैत, म्हणजे दोन ओळींची कडवी, झाले होते, आणि कवी म्हातारा. जरथुस्त्राच्या आगमनाचा भाग त्याने स्वतः लिहिला नाही. दकीकी नावाच्या तरुण कवीने आपला खून होण्याआधी त्यावर हजारभर बैत रचले होते. फिरदौसीने ते जसेच्या तसे आपल्या काव्यात बसवले. असं का केलं असेल? मला वाटतं, काही गोष्टी मेलेल्या माणसाच्या तोंडून सांगणं बरं असतं. त्याला काजीपुढे कोण उभं करणार?

मग ते काव्य पोथीतून उठलं आणि चहाखान्यात गेलं, जिथे नक्काल, म्हणजे कथेकरी, हातातली काठी आपटत सोहराबच्या मरणाशी येऊन थांबतो आणि श्रोते त्याला पैसे देऊन विनवतात की आज नको मारूस रे पोराला. ते झुरखान्यात गेलं. झुरखाना म्हणजे इराणी तालीम. खाली अष्टकोनी हौद, हौदात घामाने निथळणारे पुरुष जडशीळ मुद्गल फिरवतायत, वर ओट्यावर मुर्शिद नगारा बडवतोय, मधूनच घंटा वाजवतोय, आणि त्याच दमात रुस्तुमचे पराक्रमही गातोय अन् हजरत अलीची स्तुतीही. दंड फुगतात, नगारा घुमतो. रुस्तुम कुठे संपला आणि अली कुठे सुरू झाला, हे त्या हौदातल्या घामाला विचारा.

इथवर सगळं गोड आहे. इथे थांबता आलं असतं.

पण यज्दच्या गल्ल्यांत थांबता येत नाही. कारण काहीजण विसरले नव्हते. त्यांनी पुटपुट अर्थासकट जपली, अग्नी जपला, आणि त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली. त्यांनी पिवळट, बिनरंगाचे कपडे घालायचे. घोड्यावर बसायचं नाही. गाढवावर असाल आणि समोरून मुसलमान आला तर उतरायचं. यज्दच्या भट्टीसारख्या उन्हाळ्यात शेजारच्या घरांवर वारा खाली खेचणारे उंच बादगीर उभे असताना यांच्या छपरावर बादगीर नाही. बांधायची परवानगीच नाही. घरं बुटकी, दारं इतकी ठेंगणी की वाकूनच आत शिरावं. ब्रिटिश अभ्यासक मेरी बॉइस १९६३-६४ च्या सुमारास यज्दजवळच्या शरीफाबादेत राहिल्या. त्यांनी अशा घरांबद्दल, तिथल्या जीवापाड सांभाळलेल्या अग्नीबद्दल बारकाईने लिहून ठेवलंय. जो देश नौरोजला, म्हणजे नववर्षाला, नवे कपडे घालत होता, रुस्तुमसाठी रडत होता, त्याच देशात रुस्तुमच्या काळचा धर्म पाळणाऱ्या शेजाऱ्याचा ओला हात लागला तर विटाळ होत होता.

वारसा हवाहवासा, वारस नकोसा.

१८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला धाडलं. पूर्वज ज्या किनाऱ्यावरून निघाले त्या किनाऱ्याकडे हजार वर्षांनी ते उलट निघाले होते. हातरियांनी शाळा काढल्या, प्रेतं ठेवायचे दखमे दुरुस्त केले, आणि जिझिया कर उठावा म्हणून दरबाराचे उंबरे झिजवले. तो कर नासिरुद्दीन शहाने १८८२ साली उठवला. अठ्ठावीस वर्षांची ती चिकाटी. हातरिया पुन्हा मुंबईत राहायला आले नाहीत. १८९० मध्ये तेहरानलाच गेले. यज्दचं आताचं अग्निमंदिर १९३४ साली उभं राहिलं, त्यातही भारतातल्या पारशांचा पैसा आहे. आतला अग्नी मात्र इसवी सन ४७० च्या सुमारापासून तेवत आलाय असं मानतात. काचेपलीकडे, तोंडावर पांढरा पडदा बांधलेला मोबेद, म्हणजे पुजारी, जर्दाळूचं वाळलेलं लाकूड सारतो. ज्योत वर येते. तिला काहीच माहीत नसतं.

आणि यज्द-कर्मानची कित्येक कुटुंबं इकडे आली. मुंबई-पुण्याच्या नाक्यानाक्यांवर त्यांनी चहा उकळला. तसल्या एका हॉटेलात मी तासन्‌तास बसलो आहे, संगमरवरी टेबलाच्या गारव्यावर कोपर टेकून, ब्रून मस्का चहात बुडवत. गल्ल्यावरचे काका पोऱ्यांशी मराठीत खेकसायचे, समोरच्या पारशी म्हाताऱ्याशी गुजरातीत गप्पा हाणायचे, आणि घरून फोन आला की आवाज एकदम खाली उतरायचा, खांदे सैल पडायचे, आणि ते दरीत बोलू लागायचे. यज्दच्या जरथुस्त्री घरांतली ही बोली, तेहरानच्या माणसालाही न कळणारी. डोक्यावर जरथुस्त्राची तसबीर, तिच्याखाली लाल बल्ब. मला एक अक्षर समजत नसे. पण त्या खालच्या पट्टीतल्या आवाजाने जुन्या खुर्च्या, काचेच्या बरण्या, आरशावरचे डाग, सगळंच क्षणभर दूरच्या कुठल्याशा अंगणात गेल्यासारखं वाटायचं.

खुद्द इराणचा आवाज एकदा मुंबईत ध्वनिमुद्रित झाला. फारसी भाषेतला पहिला बोलपट ‘दोख्तर-ए लोर’ १९३३ मध्ये मुंबईतल्या इंपीरियल कंपनीत तयार झाला. दिग्दर्शक अर्देशिर इराणी, पुण्यात जन्मलेले, ‘आलम आरा’वाले. कथा लिहिणारा आणि नायक झालेला अब्दुलहुसेन सेपंता. पुढच्याच वर्षी सेपंताने फिरदौसीवरही चित्रपट काढला, तोही इथेच. तेहरानच्या प्रेक्षकांनी कथापटात आपली भाषा पहिल्यांदा ऐकली ती मुंबईहून आलेल्या रिळांतून, नायिकेच्या कर्मानी हेलासकट.

आपल्या साडीच्या काठावरची कोयरी घ्या. आपण तिच्यात कैरी पाहतो. इराणात अनेकजण तिच्यात वाऱ्याने शेंडा वाकलेला सरू पाहतात, सुरूचं झाड. काश्मिरी शालींवरून ती इकडे उतरली. इराणातल्या काश्मरला एक सरू होता, जरथुस्त्राने हातांनी लावलेला अशी श्रद्धा. खलिफा मुतवक्किलने तो तोडून आणायचा हुकूम सोडला. ८६१ साली ओंडके राजधानीजवळ पोचले, पण ते पाहायला खलिफा उरला नव्हता, त्याचा खून झाला होता. झाड गेलं. त्याची वाकलेली सावली लग्नाच्या शालूवर येऊन बसली असेल, तर आपल्याला ते कळायचं तरी कसं?

या पुटपुटीला कर्णा लावायचा प्रयत्नही झाला. १९७१ साली इराणच्या शहाने जमशेदच्या तख्तापाशी तंबू ठोकले, पॅरिसच्या मॅक्सिमचं जेवण मागवलं, अडीच हजार वर्षांच्या राजेशाहीचा सोहळा केला. १९७६ मध्ये कालगणनाच बदलली. लोक हिजरी १३५५ मध्ये होते ते एकाएकी कुरूशच्या २५३५ मध्ये जाऊन पडले. दोन वर्षांत ते वर्ष मागे घ्यावं लागलं, आणि मग शहालाच जावं लागलं. इस्लामी क्रांती जिंकली ती तारीख २२ बहमन. आणि बहमन कोण? जरथुस्त्राचा वोहू मनह, सद्विचाराची देवता. हिजरी सन मोजणाऱ्या त्या प्रजासत्ताकाचे बाराही महिने जुन्या नावांचे आहेत: फर्वर्दीन, खोर्दाद, मेहर, आबान. पगाराच्या पावतीवर, शाळेच्या हजेरीपटावर, वर्तमानपत्राच्या कपाळावर रोज त्यातलं एखादं छापलं जातं. कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

नौरोजच्या मेजावर सात वस्तू मांडतात. बशीत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब, रात्रभर ढवळून शिजवलेला समनू, सफरचंद, लसूण, शिरका, सुमाक, सेंजेदची सुकी फळं. बाजूला आरसा, आणि बहुतेक घरांत कुराण, कुठे हाफिज, कुठे शाहनामा. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो नेमका क्षण कधी भर दुपारी येतो, कधी पहाटे तीनला. पोरांना झोपेतून उठवून नव्या कपड्यांत बसवतात, आणि त्या क्षणी घरातलं वडील माणूस ओठांतल्या ओठांत दुआ म्हणतं. दुआ अरबीत असते. हृदयं पालटणाऱ्या, रात्रंदिवस फिरवणाऱ्या देवाला विनवणी, आमचीही स्थिती पालट. सण जमशेदचा, शब्द अरबस्तानचे. आपण बाहेरून दोन धागे मोजतो; त्या मेजाशी बसलेल्या मुलीला ते एकच वस्त्र असतं, तिच्या मापाचं.

आधीच्या मंगळवारी संध्याकाळी गल्लीत झुडपांच्या शेकोट्या पेटतात आणि सगळे त्यांवरून उड्या मारतात: माझा फिकटपणा तू घे, तुझी लाली मला दे. धर्मगुरू दरवर्षी नाकं मुरडतात, पोलीस फिरतात, फटाके वाजतात, एखादी आजीही पदर सावरून उडी घेते. आणि तेराव्या दिवशी कुणीच घरात थांबत नाही. घरात थांबणं अशुभ. सरकारी कॅलेंडरात त्या दिवसाला ‘निसर्ग दिन’ असं सोवळं नाव दिलंय. लोक सतरंज्या, समोवार, कबाबाच्या सळया आणि ते पिवळे पडू लागलेले कोंब गाडीत कोंबतात, रस्ते तुंबतात, हॉर्न वाजतात, मधल्या सीटवर कुणीतरी कुणाच्या तरी मांडीत चहा सांडतं, आणि नदी दिसताच पोरं कोंबांचे गड्डे पाण्यात भिरकावायला धावत सुटतात.

राज्यं नावं ठेवत राहतात. माणसं सतरंज्या घेऊन निघतात.